आज घेऊ नका

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की दुकानदार विचारतो, काय देऊ? आमचे मालक विचारायचे, "घाई हाय का?"

गिऱ्हाईक चुकून हो म्हणालं, तर मालक दोन्ही हात जोडायचे, मान तिरकी करायचे आणि पडदा पडताना नट करतो तसा लवून नमस्कार करायचे. "मंग समोर बिस्किटं भेटतात."

मी त्यांना मालक म्हणायचो, कारण ते माझे घरमालक होते. बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाजाकडून आत शिरणाऱ्या रस्त्यावर खाली त्यांचं दराब्याचं दुकान आणि वरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास. ते मला मास्तर म्हणायचे. पूर्ण नावाने आम्ही एकमेकांना कधी हाक मारली नाही आणि आता मारायची सोयही उरलेली नाही, तेव्हा इथेही मालक आणि मास्तरच राहू द्या.

दराबा ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे, पण सांगणं भाग आहे. बारीक रवा, तूप आणि पिठीसाखर, एवढंच साहित्य. रवा तुपात भाजायचा, साखर मिसळायची आणि मग परातीत घेऊन तळहाताने फेटत बसायचं. फेटता फेटता तो पांढरा पडतो, फुलतो, आणि शेवटी असा हलका होतो की जिभेवर ठेवल्यावर चावायला काही सापडत नाही. तूप जरा पातळ झालं, हवा जरा तापली किंवा फेटणाऱ्याचं मन जरा भरकटलं, की तो बसतो. बसलेला दराबा दिसायला तसाच असतो. चवीलाही दहांतल्या नऊ जणांना तसाच लागतो. मालक उरलेल्या दहाव्यासाठी जगत होते.

दराबा ते स्वतः फेटायचे. पहाटे फरशीवर पाणी मारायचं, मोठ्या घमेल्यात गार पाणी भरून त्यात पितळी परात ठेवायची, बनियनवर बसायचं आणि सुरू. त्या वेळी कोणी बोललेलं चालायचं नाही. मात्र ते स्वतः अखंड बोलायचे, परातीशी. "आज काहून रुसली तू? काय झालं? ये ना वर, ये." पहिल्यांदा हे जिन्यावरून ऐकलं तेव्हा मला वाटलं, काकू रुसल्या आहेत. काकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्या मागेच चहा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्याशी कधी असं बोलले नाहीत हो. मीच परात व्हायला पाहिजे होतं."

त्यांच्या दुकानाचा एक कायदा होता. चाखल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि चाखायचं ते बसून. त्यासाठी आत एक बाक होता. केळीच्या पानाच्या तुकड्यावर दराब्याची वानगी यायची. तुम्ही ती तोंडात ठेवायची आणि मालक तुमच्या तोंडाकडे पाहायचे. डोळे मिटले, तर दराबा मिळायचा. भुवया वर गेल्या, तरी मिळायचा. तोंडात दराबा असताना तुम्ही बोललात, तर मालकांचा चेहरा पडायचा. बांधून ते देत, पण कमी देत.

मला खोली भाड्याने देतानाही हीच परीक्षा झाली. मी बाकावर बसलो, वानगी तोंडात ठेवली आणि मला काही सुचेनासं झालं. मालकांनी आत हाक मारली, "ऐकलं का, ह्याले देऊन टाकू खोली. ह्याच्या तोंडावर सगळं दिसते. भाडं बुडवायचं असंन तर आधीच कळंन." माझ्या डिग्र्या पिशवीतच राहिल्या.

दुसरा कायदा अधिक भयंकर होता. ज्या दिवशी दराबा बसायचा, त्या दिवशी विक्री बंद. दुकान उघडं, परात भरलेली, आणि मालक पायरीवर घरात कोणी गेल्यासारखे उभे. येणाऱ्याला लांबूनच हात करायचे, "आज घेऊ नका. आज बिघडला." बाहेरगावचा माणूस गोंधळायचा. बिघडलेली मिठाई विकणारे त्याने पुष्कळ पाहिलेले असत. न विकणारा पहिल्यांदाच भेटत होता. तो दिवसभराचा माल काकू शेजारीपाजारी वाटून टाकत. गल्लीतली पोरं देवाकडे मागणं मागत, उद्या मालकांचा बिघडू दे.

तोपर्यंत हा सगळा थाट परवडत होता, कारण रस्ता वाहता होता. इच्छापूरकडून येणाऱ्या गाड्या शहरातूनच जात. देवीचं दर्शन घेऊन परतणारी कुटुंबं, इंदूरकडे निघालेले व्यापारी, लग्नाची वऱ्हाडं, सगळी दारावरून जायची. मग गाड्या गावाबाहेरून जायला लागल्या. रस्ता आमच्या दारातून उठून गेला, आणि जाताना निरोपही घेतला नाही. राहिली ती गल्लीतली माणसं, आणि त्यांना तर फुकट खायची सवय.

बाक रिकामा राहू लागला. मालक परातीशीही कमी बोलू लागले.

त्यांचा मुलगा इंदूरला कंपनीत होता. चांगला, नीटनेटका, इस्त्रीचा मुलगा. बापावर त्याचं प्रेम होतं, म्हणूनच तो एक दिवस येऊन स्पष्ट बोलला. "बाबा, आखाजीपर्यंत बघू. तोवर दुकानात जीव आला तर ठीक. नाही तर जागा भाड्याने देऊ. मोबाइलवाला तयार आहे. तुम्ही आणि आई इंदूरला चला."

"तिथं मी काय करू?"

"आराम करा."

"आराम म्हणजे काय करायचं असतं?"

उत्तर काकूंनी दिलं. "नको नेऊ रे ह्यांना. तिथले सगळे मिठाईवाले दुकानं बंद करून पळतील."

पण मालकांनी शब्द दिला, अक्षय्य तृतीयेचा. आखाजीपर्यंत.

आता इथे माझा प्रवेश. ती वर्षं आमचं शहर इंटरनेटला जोडलं जाण्याची होती. फोनची लाइन किरकिर करत, अडखळत, जणू उपकार म्हणून जोडली जायची. मी क्लासमध्ये पोरांना वेबसाइट बनवायला शिकवत होतो, आणि वेबसाइट असलेलं दुकान मात्र आमच्या आसपास एकही नव्हतं. त्या दिवशी मी जिना उतरलो, बाकावर बसलो आणि भाषण ठोकलं. मालक, रस्ता गेला तर जाऊ द्या. वेबसाइट म्हणजे अशी पायरी, जी रस्त्यावर असावी लागत नाही. नागपूरच्या माणसाला ती त्याच्या दाराशी आहे असं वाटतं आणि सुरतच्या माणसाला त्याच्या. मोठ्या कंपन्यांकडे जाहिरातीला माणसं असतात. आपल्यासारख्या छोट्या दुकानाला एक पान पुरतं. आपण कोण, कुठे, काय करतो, एवढं जगाला कळलं तरी बस.

मालकांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "बाक हाय का त्यात?"

"नाही."

"वानगी?"

"वानगी कशी देणार, मालक? ते कॉम्प्युटर आहे."

"मंग चाखल्याशिवाय माणूस घेईन कसा? आणि चाखल्याशिवाय मी देईन कसा?"

हा प्रश्न मला नंतर मोठमोठ्या शहरांतल्या मोठमोठ्या लोकांनी विचारला, फार अवघड शब्दांत. मालकांइतका सरळ कोणी विचारला नाही. माझ्या तोंडावर सगळं दिसतं, हे तेव्हा उपयोगी पडलं. मालकांना दया आली. म्हणाले, "बनव. पण माझ्या हिशेबाने."

त्यांच्या हिशेबाने म्हणजे काय, ते ऐका. वेबसाइट उघडली की पहिल्यांदा "या, बसा" असं दिसलं पाहिजे. मालकांचा फोटो नको, परातीचा हवा. फोटो काढण्याआधी परात चिंचेने घासली गेली, आणि काकूंनी तिला हळदकुंकू वाहिलं. मजकूर वर मराठीत, खाली हिंदीत. आणि दुपारी वेबसाइट बंद.

"मालक, वेबसाइट बंद करत नसतात. तोच तर तिचा फायदा. आपण झोपलो तरी ती जागी असते."

"मी झोपलो आणि दुकान उघडं? कोणी आलं तं बोलंन कोण?"

शेवटी मी अर्ध्या शटरचं एक चित्र काढलं. दुपारी ते आपोआप खाली यायचं, त्यावर लिहिलेलं, "मालक जेवून आडवे झाले आहेत. चारनंतर या." एका मुलीने दूरदेशातून कळवलं की तिच्याकडे तेव्हा सकाळ असते आणि ती रोज हे शटर बघून हसत कामाला जाते. दराबा तिने कधी मागवला नाही, पण बापाला मागवायला लावला. फायद्याचा असाही एक प्रकार असतो.

वानगीचा प्रश्न मालकांनीच सोडवला. एका सकाळी बनियनवरच वर आले. हाताला अजून दराबा चिकटलेला. माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "लिही. आजचा दराबा उत्तम. तोंडात ठेवा आणि गप्प बसा."

मी लिहिलं. खुलून लिहिलं. याहून चांगली जाहिरात कोणाला सुचली असती?

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. "लिही. आजचा बरा. शेजाऱ्याला चालेल, व्याह्याला नको."

"मालक, हे कसं लिहायचं?"

"जसं मी बोललो तसं."

तिसऱ्या का चौथ्या दिवशी हवा तापली. "लिही. आज बिघडला. माझं लक्ष नव्हतं. आज घेऊ नका." आणि वाकून हिंदी तपासलं. "खाली 'कृपया' काहून घातलं? काढ. विनंती नाही करून राहिलो मी. सांगून राहिलो."

साऱ्या जगात स्वतःचा माल घेऊ नका म्हणणारी ती एकमेव वेबसाइट असावी. संध्याकाळी इंदूरहून मुलाचा फोन आला, माझ्यावर. "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात ना? ही जाहिरात आहे की कबुलीजबाब?" मी म्हटलं, साहेब, मालकाचं दुकान आहे, मी फक्त टाइप करतो. मनात मात्र मीही मुलाच्याच बाजूचा होतो.

आणि मग फोन यायला लागले. आधी एक म्हातारे गृहस्थ नागपूरहून. त्यांना काही घ्यायचं नव्हतं. त्यांना विचारायचं होतं, काल उत्तम आणि आज नुसता बरा, असं काय घडलं? मालकांनी त्यांना तुपाबद्दल सगळं सांगितलं, अगदी गाय कोणती इथपर्यंत. गृहस्थांनी आठवड्याने मागवला. मग सुरतच्या एक बाई, मग खंडव्याचे एक वकील. ज्या दिवशी "उत्तम" दिसे, त्या दिवशी सकाळीच फोनला उसंत नसे. डबे बांधून ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती इच्छापूरच्या बसने पुढे जायचे, नाही तर स्टेशनवर गाडीने निघालेला कोणी गाववाला गाठून त्याच्या मांडीवर ठेवले जायचे. बाक रिकामाच होता, पण मालक पुन्हा परातीशी बोलू लागले होते.

तरी आखाजी जवळ येत होती आणि डबा-दोन डब्यांनी दुकानात जीव आला असं मुलगा म्हणेना. तेवढ्यात जळगावचा फोन आला. मूळचे आमच्याजवळच्या डोईफोडिया गावचे, आता जळगावात केळीच्या व्यापारात बसलेले एक गृहस्थ. मुलीचं लग्न आखाजीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. सगळ्या पंगतीला दराबा हवा, लहानपणी खाल्लेला. वेबसाइट ते रोज वाचत होते. माल आखाजीच्या सकाळी निघायचा. मालकांच्या साऱ्या हयातीत एका घराने एवढा दराबा सांगितला नव्हता. मुलाला कळवलं, तर तो फोनवर म्हणाला, "बाबा, हे नीट पार पडलं तर मी दुकान बंद करायचं नाव काढणार नाही."

आखाजीच्या सकाळी तो इंदूरहून आला. बरोबर मोबाइलवाल्यालाही आणलं होतं. पार पडलं नाही तर पुन्हा खेप नको, असा त्याचा इस्त्रीचा हिशेब. मोबाइलवाला टेप काढून दाराची रुंदी मोजत होता आणि आत मालक परातीसमोर बसले होते. अंधार असल्यापासून फेटत होते. आदल्या दिवसापासून गरम वारा थांबला नव्हता, घमेल्यातलं पाणी कोमट होत होतं, काकू बदलून बदलून थकल्या होत्या. परात भरलेली, पांढरीशुभ्र. डबे रांगेत. टेम्पो दाराशी.

मालकांनी चिमूटभर तोंडात घातला.

मी बाकावर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, जसे ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहत आले होते. ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, "मास्तर, वर चल. लिहायचं हाय."

"काय लिहायचंय?" मुलाने विचारलं.

"बसला."

मुलाने एक चिमूट घेतली. "चांगला तर आहे! बाबा, लग्नाच्या पंगतीत कोणाला कळतं? वरण-भाताच्या मधे खाणार लोक."

"मले कळते."

"बरं, मग नका लिहू काही. एक दिवस नाही लिहिलं तर काय होतं? कोण बघतं?"

"ज्यानं मागवला तो बघते ना! तो रोज वाचते. आज कोरं दिसलं तं तो समजंन, ठीकच असंन. खोटं बोलायले तोंडच लागते असं थोडी हाय?" मालकांचा आवाज चढला. "मी त्याले दोन महिने रोज वानगी दिली. आज पंगतीचा माल निघायच्या दिवशी पान झाकू?"

"म्हणजे दुकान जाऊ द्यायचं?"

मालक वळले. जिना चढले. मी टाइप केलं, आणि मीही एकदा म्हणून पाहिलं, "मालक, आजचा दिवस राहू द्या." त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि आपल्या बोटाने बटण दाबलं. इतकं जोरात, की कीबोर्ड टेबलावरून सरकला.

आजचा दराबा बसला. आज घेऊ नका.

आम्ही खाली आलो. टेम्पोवाल्याला परत पाठवलं. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा. मोबाइलवाल्याने आता टेप भिंतीला लावली. थोड्या वेळाने फोन वाजला. मालकांनी तो उचलून माझ्या हातात दिला, आणि मी घाबरून नको ते बटण दाबलं, त्यामुळे जळगावचा आवाज दुकानभर घुमला.

"वाचलं मी. इकडे आमच्या व्याह्यांनीही वाचलं. ते म्हणतात, हा माणूस आहे तरी कोण?"

मालक फोनपासून लांब उभे राहून ओरडले, "माफी असावी! हवा गरम हाय!"

"अहो, जेवण उद्या संध्याकाळी आहे. उद्या सकाळी मीच गाडी पाठवतो. पुन्हा फेटा. जमला तर जमला. नाही जमला तर तसं लिहा, मी बुंदी सांगून ठेवतो. पण लिहा हं. तुम्ही लिहाल त्यावर गाडी भरायची की नाही ते ठरेल."

फोन बंद झाला. मोबाइलवाल्याने हळूच टेप गुंडाळली आणि मला बाजूला घेतलं. "भैया, मलाही एक वेबसाइट बनवून द्या. फक्त रोज खरं लिहायची सक्ती नको." तो निघून गेला. दाराची रुंदी विचारायला पुन्हा आला नाही.

मालक मात्र बाकावर बसले होते आणि उजवा खांदा डाव्या हाताने दाबत होते. एवढा घाणा एकदा फेटणं हेच त्यांच्या वयाला जास्त झालं होतं. उद्या पुन्हा जमणार नाही, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. काकूंना दिसलं. मलाही दिसलं. मुलाला सगळ्यांत शेवटी दिसलं, पण दिसलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे परातीसमोर मुलगा बसला होता. त्याच्या अंगावर बनियन मी पहिल्यांदाच पाहत होतो. मालक मागे उभे राहून सूचना करत होते. "मनगटानं नाही, खांद्यानं. हाणून नको राहू. बोल तिच्याशी." मुलगा दात खाऊन म्हणाला, "काय बोलू?" काकू म्हणाल्या, "काहीही बोल, माझ्यापेक्षा जास्त ऐकते ती." त्याने बराच वेळ फेटलं. त्याचे हात लाल झाले. बाहेर जळगावची गाडी येऊन उभी राहिली, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. शेवटी मालक वाकले, चिमूटभर घेतली आणि डोळे मिटले.

"उत्तम," ते मुलाच्या लाल हातांकडे बघत म्हणाले. "मास्तर, जा. लिही. उत्तम."

मी धावत वर गेलो. लाइन पहिल्याच खेपेला जोडली गेली. मी अक्षरं उमटवली, बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मुलगा दारात उभा होता, घामाने निथळलेला, तोंडात काहीतरी घोळवत.

"मास्तर, थांबा. पुसा ते."

"का? मालक म्हणाले ना उत्तम."

"ते माझ्याकडे बघून म्हणाले. परातीकडे बघून नाही." त्याने तोंडातला घास गिळला. "तळाशी जड आहे अजून. ड्रायव्हरला चहा द्यायला सांगतो. थोडं फेटावं लागेल."

मी पुसलं. जिन्यावरून खाली पाहिलं तर मालक घमेल्यात गार पाणी ओतत होते, आणि मुलगा परत येऊन बसेपर्यंत आपल्या चेहऱ्यावरचं कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.